उजवीकडून

पाळणा सुटा करून डिकीत ठेवलाय.
कठडे जुन्या चादरीत,
साखळ्या माझ्या ट्रेकिंगच्या मोज्यात,
पितळी पोपटांचा मोजा आईच्या मांडीवर, मागच्या सीटवर.
तरी चाकणपासून प्रत्येक गतिरोधकाला
डिकीतून काहीतरी बोलतंय.

बाबा बोलत नाहीत.
डावा कान गेला सहा वर्षांपूर्वी,
म्हणून गाडीत ही बाजू त्यांना बरी:
चालता कान माझ्याकडे,
गेलेला ट्रकांच्या हॉर्नकडे.

संगमनेरला चहा. मालेगावला पंक्चर.
धुळ्याच्या पुढे एकदाच,
"पाकिटात वरचा रुपया घातलास?"
"घातला."
मग पळासनेरपर्यंत काही नाही.

अकरा वर्षं झाली.
कारण विचाराल तर मला नीट सांगता यायचं नाही.
राऊला एक प्लॉट होता, म्हणे दोघांचा.
एक सही होती, किंवा नव्हती.
तेव्हापासून वामनकाकांचं नाव आमच्या घरात
मागच्या फळीवरच्या कपबशीसारखं:
फुटलेलं नाही, वापरातही नाही.

आणि परवा हेरंबचा फोन.
"ताई, रविवारी पोरीचं बारसं. पाळणा तुमच्याकडेच आहे न?
बाबा म्हणाले, विचार.
माझं नाव नको घेऊस म्हणाले,
पण विचार."

बिजासनचा घाट चढताना साखळ्या मागे घरंगळल्या.
खलघाटला नर्मदा आली तशी बाबांनी काच खाली केली,
खिशातून नाणं काढलं.
मी वेग कमी करीपर्यंत पूल संपला.
नाणं मुठीतच राहिलं,
थेट इंदूरच्या टोलनाक्यापर्यंत, आणि पुढेही.

सुदामानगर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
कठडे खांद्यावरून वर नेले, आणि बघतो तर
छताला कडीच नाही!
सगळीकडे गुळगुळीत पीओपी, त्यात निळे दिवे.
शेवटी वरच्या मजल्यावरचा जिमवाला पोरगा धावून आला,
दाराच्या चौकटीत व्यायामाचा दांडा घट्ट पिळला,
स्वतः लोंबकळून दाखवलं.
"अस्सी किलो ले लेता है, आंटी. गुड़िया कितनी है?"
"तीन किलो आठशे."

तर पाळणा हॉल आणि आतली खोली यांच्या ऐन मधोमध.
पलीकडे जायचं त्याने
स्वयंपाकघरातून फिरून जायचं,
घुगऱ्यांच्या पातेल्याला वळसा घालून.
काका हॉलमध्ये. बाबा आतल्या खोलीत.
दोघांच्या हातात एकेक साखळी,
नजर वर, दांड्यावर,
जणू दोघांना त्याच कामासाठी बोलावलंय.

मनवाने बाळाच्या कानात कुर्र केलं,
नाव सांगितलं, तिच्या पाठीत धपाटे पडले,
टाळ्या, आणि त्याच वेळी कुकरची शिट्टी.
"काय ठेवलं?" बाबांनी विचारलं. कुणाला, ते कळलं नाही.
कुणी ऐकलं नाही.
पुन्हा विचारलं, जरा हळू.

काकांनी साखळी जिमवाल्याच्या हातात दिली.
स्वयंपाकघरात शिरले,
ओल्या लादीवर जपून,
पलीकडच्या दारातून आतल्या खोलीत आले.
बाबांच्या डाव्या हाताला जागा मोकळी होती.
तिथे थांबले नाहीत.
पलंग ओलांडून, दोन बायकांना सरकवून
उजवीकडे आले,
वाकले
आणि नाव सांगितलं.

बाबा म्हणाले, "अच्छा."
मग म्हणाले, "नट ढिला आहे बघ तिकडचा."
काकांनी पाहिला.

रात्री हेरंबला विचारलं,
बाबांच्या कानाचं काकांना तू सांगितलंस?
"मी? नाही तर."
मी आईकडे पाहिलं.
ती उरलेल्या घुगऱ्या डब्यात भरत होती,
झाकण लावण्यात गुंतलेली,
जरा जास्तच गुंतलेली.